मुलाबाळांसह मसाई मारा: बेत आखताना

मसाई मारा हे केनियातलं वन्यप्राण्यांचं अभयारण्य. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि केनियाचा पाऊस यांचं जमत नाही, त्यामुळे बेताची सुरुवात कॅलेंडरपासूनच करावी लागते. एप्रिल-मे ही आपली मोठी सुट्टी, आणि नेमका तेव्हाच तिकडे मोठा पाऊस असतो. गवत उंच वाढतं, काळ्या मातीत गाड्या रुततात. राहण्याचे दर तेव्हा उतरतात ते उगाच नाही. जूनचा पहिला पंधरवडा बरा: पाऊस ओसरलेला, गर्दी नाही. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, तिकडच्यांना आणखी काही दिवस मिळतात. स्थलांतर करणाऱ्या विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप मारा नदी ओलांडताना बघायचेच असतील, तर जुलैअखेर ते सप्टेंबर. म्हणजे गणपतीच्या सुट्टीत जायचं, आणि ते कितीजणांच्या घरी चालेल हा प्रश्नच आहे! दिवाळी ऑक्टोबरात आली, तर टांझानियाकडे परतणारे कळप मिळू शकतात. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ मात्र माऱ्यात बारा महिने असतात. लहान मुलं बरोबर असतील, तर नदीच्या मागे लागूच नये. काठावर तीन-चार तास गाडीत बसून राहायचं आणि शेवटी कळपाने तोंड फिरवायचं, हे तिथे नेहमीचं आहे.

प्रवेशशुल्कही महिन्यावर ठरतं. परदेशी पर्यटकाला माऱ्यात जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. 9 ते 17 वयाला 50 डॉलर, त्याहून लहानांना फुकट. म्हणून नाताळच्या सुट्टीतला माऱ्याचा मुक्काम 1 जानेवारीनंतर ढकलता आला, तर मोठ्यांचं तिकीट निम्म्यावर येतं. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 चालतं. अभयारण्याच्या आत मुक्काम असेल, तर निघायच्या दिवशी सकाळी 10 पर्यंत गेटबाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे पडतात. स्वस्त म्हणून गेटबाहेरचा कॅम्प घेतलात, तर शेवटच्या सकाळी गाडीतून प्राणी बघायच्या फेरीलाही पूर्ण तिकीट लागतं. हा हिशेब कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नसतो, आधीच विचारून घ्या.

आता ठिकाणं. सहा रात्रींत नैरोबी, अंबोसेली आणि नाकुरू ही अभयारण्यं, नैवाशाचं तळं आणि मारा असा कार्यक्रम आपल्याकडे सर्रास विकला जातो. त्यात मुलांना प्राण्यांपेक्षा हायवेच जास्त दिसतो. अंबोसेली ते नैवाशा एवढ्याच टप्प्यात जवळजवळ सगळा दिवस जातो. मुलं दहाच्या आतली असतील तर नैरोबीत एक रात्र, नैवाशात दोन, माऱ्यात तीन, एवढं पुरे. नैवाशाचा फायदा असा, की तिथे मुलांना पाय मोकळे करता येतात. तळ्यातल्या क्रेसेंट आयलंडवर हिंस्र श्वापदं नाहीत, त्यामुळे झेब्रा-जिराफांमधून चक्क चालता येतं, आणि बोटीतून पाणघोडे दिसतात. गेंडे बघायचे असतील, तर तिथूनच नाकुरूची दिवसाची फेरी करा. नाकुरूचे गुलाबी फ्लेमिंगोंचे फोटो मात्र जुने समजा: तळ्याचं पाणी वाढल्यापासून ते पूर्वीच्या संख्येने दिसत नाहीत.

नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास. विमानाने तासाभरात पोचता, पण नैरोबीतल्या विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या त्या छोट्या विमानांत माणशी 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस तिथे अडते.

पैसे कुठे वाचवायचे ते तुम्ही ठरवा, पण गाडीत वाचवू नका. छत वर उचलणारी फोर बाय फोर लँड क्रूझर, आणि तीही फक्त तुमच्या कुटुंबासाठी. अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घेतली, की मूल कंटाळलं म्हणून परत फिरता येत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला खाली उभं राहून छताबाहेरचं दिसत नाही. बूट काढून सीटवर उभं करायचं, मोठ्या माणसाने कमरेला धरायचं, आणि चालकाने किल्लीला हात लावला की आधी मुलाला खाली बसवायचं. खड्ड्यात गाडी आदळली, की हनुवटी थेट लोखंडी कडेवर बसते. सिंह जवळ असताना हात बाहेर नको, ओरडणं नको. एका प्राण्यापाशी पाचच गाड्या, आणि रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही, असे माऱ्याचे नियम आहेत. 'जरा जवळ घ्या ना' म्हणून चालकाच्या मागे लागू नका, दंड होतो.

सकाळची फेरी सहा-साडेसहाला निघते, दुपारची चारच्या सुमारास. रोज दोन्ही केल्या, तर तिसऱ्या दिवशी मुलं हत्तीकडेही बघत नाहीत. एखादी दुपार पोहण्यात जाऊ द्या. निघण्याआधी सगळ्यांना बाथरूमला पाठवा: वाटेत वाटेल तिथे उतरता येत नाही, चालक सुरक्षित जागा बघून सांगेल तेव्हाच. मारा विषुववृत्ताजवळ असला, तरी दीड हजार मीटरच्या वर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताखाली दात वाजतात. स्वेटर, विंडचीटर आणि कानटोपी हवीच. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, चावणाऱ्या त्से-त्से माश्या त्यांवर येतात. लष्करी छापाचे कपडे तर नकोतच.

कॅम्प बुक करताना तीन गोष्टी लेखी घ्या: मुलांच्या किमान वयाची अट, आई-वडील आणि मुलं एकाच तंबूत झोपू शकतील असा फॅमिली टेंट, आणि जेवण. अनेक कॅम्पना कुंपण नसतं, अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय तंबूबाहेर पडायचं नसतं. मुलांचा तंबू वेगळा मिळाला, तर रात्री त्यांच्याकडे जाणार कसे? शाकाहारी जेवणाची चिंता नको, केनियात गुजराती वस्ती जुनी आहे. पण बरोबर मिळणाऱ्या डब्यात हमखास उकडलेलं अंडं असतं, चालत नसेल तर आदल्या रात्री सांगा. मेतकूट, थेपले, चिवडा न्या, फक्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून नको: केनियात 2017 पासून त्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. स्टीलचा डबा आणि कापडी पिशवी उत्तम. तंबूची चेन उघडी राहिली, तर तो चिवडा माकडांचा.

कागदपत्रांत तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचा ईटीए (केनियात शिरण्याची आगाऊ परवानगी) लागतो, ऑनलाइन. त्याहून महत्त्वाची पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि ते आयुष्यभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत, तेव्हा बाळ मोठं होईपर्यंत थांबा. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठीपुढच्या आजी-आजोबांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मुलाला गोवराची लस नुकतीच दिली असेल, तर मध्ये साधारण चार आठवडे जावे लागतात. म्हणून हे काम दोन महिने आधी काढा.

मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. घरी परतल्यावरही त्या ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात, आणि तिथेच लोक चुकतात. पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर 'केनियाला जाऊन आलो' हे डॉक्टरांना सर्वात आधी सांगा. पीतज्वराच्या लसीच्या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका येताना हातातल्या बॅगेत ठेवा: भारतात उतरल्यावर ती दाखवता आली नाही, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.