हंगामी फुलं मार्चपर्यंत फुलती कशी ठेवायची

आईच्या दारात झेंडूची चार रोपं असायची. त्यांना कधी विकतचं खत मिळालं नाही, कुणी मुद्दाम छाटलंही नाही. तरी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत परडी भरायची. पुढे मी पुण्यात आलो आणि डिसेंबरात नर्सरीतून फुललेल्या कुंड्या हौसेनं आणून गॅलरीत मांडल्या. घरात कुणाला फुलाला हात लावू दिला नाही. जानेवारी संपायच्या आत सगळ्या वाळून खडखडीत. चूक कळायला मला दोन हिवाळे लागले. आई रोज सकाळी पूजेसाठी उमललेली फुलं खुडून न्यायची आणि मी ती शोभेसाठी झाडावर राखून ठेवत होतो.

हंगामी झाडाचं सगळं आयुष्य एका मोसमाचं. ते फुलतं ते आपल्यासाठी नाही, बी धरण्यासाठी. बी भरलं की त्याच्या लेखी संसार आटोपला. बी धरूच दिलं नाही तर ते पुन्हा कळ्या काढतं, परत एकदा प्रयत्न करतं. पण या प्रत्येक प्रयत्नाला अन्न लागतं आणि दहा इंची कुंडीत ते फार दिवस पुरत नाही. म्हणून खुडणं आणि भरवणं ही दोन कामं खरी. बाकीची सगळी त्यांची पूर्वतयारी.

पेरणी: घट बसतात तेव्हा

थंडीची फुलं, म्हणजे पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, अ‍ॅस्टर, साल्व्हिया आणि बुटका फ्रेंच झेंडू, यांची पेरणी गणपती गेल्यावर सुरू करायची आणि घटस्थापनेच्या आठवड्यापर्यंत उरकायची. देवघरात घटातलं धान्य रुजतं, तेव्हाच गॅलरीत बियांचा ट्रे रुजत असतो, त्यामुळे तारीख लक्षात राहते. दसऱ्यालाच झेंडू हवा असेल तर मात्र जुलैत पेरावा लागतो. कोंबडा, झिनिया, तेरडा ही पावसाळ्याची मंडळी, त्यांना जून-जुलै. कोकणात आणि मुंबईत रात्री फारशा गार होत नाहीत. तिथे पॅन्सीचा हट्ट सोडावा आणि सदाफुली, झिनिया, झेंडू यांच्यावर भिस्त ठेवावी.

ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत भरा. झेंडूचं बी पाव इंच खोल पेरलं की आठवड्याच्या आत उगवतं. पिटुनियाची गोष्ट वेगळी. तिच्या एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बिया मावतात, आणि त्यांना रुजायला उजेड लागतो. म्हणून बी थोड्या कोरड्या रेतीत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरायचं, बोटानं हलकं दाबायचं आणि वर माती अजिबात टाकायची नाही. पाणी फवाऱ्यानं द्यायचं. झारीनं दिलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

उगवलेली रोपं एका रात्रीत देठाशी बारीक होऊन आडवी पडली, तर ती ‘मर’. हा बुरशीचा रोग जास्त ओलीनं आणि दाट पेरणीनं होतो. रोपं विरळ करा, पाणी सकाळीच द्या, पुढच्या वेळी मिश्रणात थोडा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपकारक बुरशी) घाला. आडवी पडलेली रोपं मात्र परत उभी राहत नाहीत, त्यांच्यात वेळ घालवू नका.

पेरणीची तारीख हुकली असेल तर तयार रोपं आणायला काही हरकत नाही. फक्त फुलांनी डवरलेलं रोप उचलू नका. बुटकं, गडद हिरवं, कळ्या नुकत्याच दिसू लागलेलं रोप निवडा. फुललेलं रोप लहानशा पिशवीत कोंडून अर्धं दमलेलं असतं.

कुंडी आणि ऊन

दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती कुंडीत नको. ओली असताना ती चिखल होते, सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा, वरची एक इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडा. दहा इंची कुंडीत मोठ्या फुलाच्या झेंडूचं एकच रोप लावा, बुटक्या झेंडूची तीन चालतील. पिटुनियाची दोन पुरेत. दाटीवाटीनं लावलेली कुंडी पंधरा दिवस छान दिसते, मग रोपं एकमेकांचं अन्न पळवू लागतात.

ऊन निदान पाच तास हवं. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात उन्हाविना राहणारी दक्षिणेची गॅलरी थंडीत उन्हानं भरते आणि हंगामी फुलांना तीच सगळ्यात चांगली. उत्तरेची गॅलरी असेल तर या भानगडीत पडू नका, तिथे नेचे लावा.

शेंडा खुडायला हात कचरतो, तरी खुडा

रोप वीतभर झालं, पानांच्या चार-पाच जोड्या आल्या, की शेंडा नखानं खुडायचा. पहिली कळी शेंड्यावरच असली तरी. शेंडा गेला की खालच्या प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. फुलं आठ-दहा दिवस उशिरा येतात, पण एका फुलाच्या जागी सहा येतात. झेंडू, पिटुनिया, झिनिया, साल्व्हिया यांना हे मानवतं. कोंबड्याचा शेंडा मात्र खुडू नका, त्याचा तुरा तिथेच असतो. अ‍ॅस्टरही तसाच वाढू द्या.

अ‍ॅस्टरबद्दल आणखी एक. पुण्यातल्या गणेशखिंडच्या कृषी संशोधन केंद्राचे ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आपल्या हवेत उत्तम येतात. पण अ‍ॅस्टर एकदा बहरला की संपला, कितीही खुडा, दुसरा बहर नावापुरताच. तो सतत हवा असेल तर दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी पेरत राहायचं. आणि बी ताजंच घ्या, जुन्या अ‍ॅस्टरची उगवण झपाट्यानं घटते.

भरवणं: थोडं, पण ठरल्या दिवशी

एके वर्षी शेतावरून आणलेला युरिया मी झेंडूला चिमटी-चिमटी टाकला. झाडं कंबरेएवढी झाली, पानं तळहाताएवढी, आणि फूल एकही नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, “ही कसली भाजी लावलीत?” युरिया म्हणजे नुसतं नत्र (नायट्रोजन), आणि नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. फुलाला नत्र लागतं, पण बरोबरीनं पालाशही (पोटॅश) लागतं. शिवाय कुंडीतलं अन्न दर पाण्याबरोबर तळाच्या भोकातून वाहून जातं. म्हणून महिन्यातून एकदा मूठभर खत टाकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पातळ पाजणं बरं.

कृषी केंद्रात १९:१९:१९ नावाचं विद्राव्य खत मिळतं. नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश तिन्ही सारखी. लिटरला १ ग्रॅम हे माप पुरे, म्हणजे पाच लिटरच्या बादलीला चहाचा एक सपाट चमचा. त्यातून लिटरमागे १९० मिलिग्रॅम नत्र मिळतं आणि आठवड्याच्या हप्त्याला एवढं भरपूर होतं. लागवडीनंतर पहिले दहा दिवस काही देऊ नका, मुळं बसू द्या. मग दर रविवारी माती आधी साध्या पाण्यानं भिजवायची आणि नंतर खताचं पाणी तळातून थेंब पडेपर्यंत द्यायचं. कोरड्या मातीत खत ओतलं की कोवळी मुळं करपतात. कळ्या दिसू लागल्या की एक रविवार १९:१९:१९, पुढचा रविवार १३:०:४५, असं आलटून पालटून. हे दुसरं खत म्हणजे नत्रासोबत भरपूर पालाश. महिन्यातून एक रविवार फक्त साधं पाणी, तेही सढळ हातानं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. कुंडीच्या कडेला पांढरी साय दिसू लागली तर तो रविवार लवकर आणा.

फुलं वाढावीत म्हणून ०:५२:३४, म्हणजे स्फुरदानं भरलेलं खत, दर आठवड्याला ओतणारे पुष्कळ भेटतात. शेणखत घातलेल्या कुंडीत स्फुरद सहसा कमी पडत नाही, आणि ते फार झालं तर झाडाला लोह आणि जस्त घेता येत नाही. कळ्या धरताना एकदा दिलं तर ठीक, त्याचं व्यसन नको.

रासायनिक नको असेल तर शेंगदाण्याची पेंड आहे. शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवा, गाळा, त्यात दहापट पाणी घाला आणि दर दहा दिवसांनी कपभर प्रत्येक कुंडीला. फुलं उत्तम येतात. वास मात्र असा येतो की सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन विचारपूस करतात, तेव्हा भिजवण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि रात्री घाला. केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यातून थोडं पालाश मिळतं, पण फुलांनी लगडलेल्या पिटुनियाचं तेवढ्यानं भागत नाही. आणि साखर घातलेला चहाचा चोथा कुंडीत टाकाल तर फक्त मुंग्यांची सोय होईल.

सगळ्यांनाच भरवायचं नसतं. कॉसमॉस, नॅस्टर्शियम, गलांडा आणि दहा वाजता उमलणारी ऑफिस टाइमची फुलं यांना रोड मातीच मानवते. त्यांना खत दिलं की पाला वाढतो. लागवडीच्या वेळच्या शेणखतावर त्यांचं भागतं.

झाड काय मागतंय, हे पानं सांगतात. खालची जुनी पानं पिवळी पडली आणि माती चिखल झालेली नसेल, तर नत्र कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाचं दुखणं. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या पिटुनियात ते हमखास दिसतं. तिथे आणखी १९:१९:१९ ओतून उपयोग नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा.

खुडणं: कुठे कापायचं

सुकलेल्या पाकळ्या ओढून काढणं म्हणजे खुडणं नव्हे. पिटुनियाची नळी ओढली की सहज हातात येते, पण मागे हिरव्या वाटीत बोंड राहतं आणि बी तिथेच धरतं. ती वाटी देठासकट काढायची. झेंडूचा पाकळ्यांखालचा फुगीर भाग गेला पाहिजे. झिनिया थेट खालच्या पानांच्या जोडीवर कापा, तिथून दोन नव्या फांद्या येतात. साल्व्हियाची लाल झुंबड ओसरली की अख्खा तुरा काढा. सदाफुली आणि ऑफिस टाइम आपली फुलं आपणच गाळतात, त्यांना हात लावायची गरज नाही.

दर दोन दिवसांनी दहा मिनिटं पुरतात. सगळ्यात सोपा उपाय अर्थात आईचा, देवाला रोज ताजी फुलं. घरात देव नसतील तर पेल्यात घालून टेबलावर ठेवा.

जानेवारीच्या मध्यावर पिटुनिया लांबुडकी होते, फांद्या लोंबतात, फुलं टोकालाच उरतात. मन घट्ट करून तिला निम्मी कापा आणि त्याच दिवशी खताचं पाणी द्या. आठ दिवस कुंडी बोडकी दिसेल. तीन आठवड्यांत ती पुन्हा भरते आणि हाच बहर मार्चपर्यंत जातो.

पाणी आणि किडे

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, सकाळी, आणि फुलांवर नाही. पिटुनियाची भिजलेली फुलं कुजतात. कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरानं धुवा. नाही गेला तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर. झेंडूची पानं फिकी होऊन त्यावर बारीक जाळं आलं की लाल कोळी. तो कोरड्या हवेत फेब्रुवारीत येतो, पानांची खालची बाजू रोज धुतली तर आटोक्यात राहतो. झिनियावर भुरी, म्हणजे पांढरी भुकटीसारखी बुरशी, आली तर ती पानं काढून टाका, कुंड्या थोड्या लांब लांब ठेवा.

मार्च

दुपारचं ऊन चटका देऊ लागलं की खत थांबवा. फुलं आपोआप लहान होत जातात, ते खतानं भरून निघत नाही. आता प्रत्येक जातीच्या सगळ्यात चांगल्या रोपावर दोन-तीन फुलं न खुडता सोडा. झेंडूचं फूल झाडावरच तपकिरी होऊन वाळलं की काळ्या काड्यांसारखं बी सुटतं. नर्सरीच्या संकरित रोपाचं बी असेल तर पुढच्या वर्षी फूल आईबापांसारखं येईलच असं नाही, तेव्हा ते वेगळं ठेवा. बी सावलीत आठवडाभर सुकवा, कागदी पुडीवर नाव आणि महिना लिहा, पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. रिकाम्या झालेल्या कुंड्यांची माती उन्हात पसरा. आणि उन्हाळ्यातही रंग हवा असेल तर दोन कुंड्यांत गलांडा लावून टाका.