अकरावी-बारावीची बायोलॉजी: पहिल्या महिन्यापासून या चुका टाळा

दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाचे नियम फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे बोर्डाला येणार आहे का?" येणार नाही. पण पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना दिसतं की बहुतेक लेकरांचे मार्क याच नियमांपाशी गेलेले असतात. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शिकवताना ज्या चुका पुन्हा पुन्हा समोर आल्या, त्या इथे लिहिते. आईवडिलांनीही वाचावं, कारण काही चुका घरूनच सुरू होतात.

मराठी शब्द सोडून देणं

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं लेकरू अकरावी सायन्सला येतं आणि एकदम सगळं पुस्तक इंग्रजी. त्याला वाटतं, आपल्याला यातलं काहीच येत नाही. मग ते अर्थ सोडून नुसतं पाठ करायला लागतं.

एका मुलीला मी वर्गात 'स्टोमॅटा' विचारलं. ती पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हणत अर्ध्यात अडकली आणि खाली बघत उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, पर्णरंध्रं." तिने लगेच मान वर केली. रक्षक पेशी, बाष्पोच्छ्वास, रंध्र कसं उघडतं नि मिटतं, सगळं सांगितलं, तेही न थांबता. तिला येत होतं, फक्त नाव ओळखीचं नव्हतं.

म्हणून माझ्या वर्गात वहीची शेवटची वीस पानं राखून ठेवायची. चार रकाने आखायचे: इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, त्याचा उच्चार देवनागरीत, मराठी शब्द, आणि एका ओळीत अर्थ. रोज पाच शब्द. ऑस्मॉसिस म्हणजे परासरण, क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्र. सारख्या दिसणाऱ्या जोड्यांवर लाल खूण करा. मायटोसिस आणि मिओसिस यांच्या स्पेलिंगमध्ये एकदोन अक्षरांचाच फरक आहे. घाईत एकाचं दुसरं झालं तर तपासणाऱ्याने काय समजायचं? मराठीत मात्र घोटाळा होत नाही. एक सूत्री विभाजन, दुसरं अर्धगुणसूत्री विभाजन. गुणसूत्रं निम्मी होतात हे नावातच आहे. युरेटर म्हणजे मूत्रवाहिनी आणि युरेथ्रा म्हणजे मूत्रमार्ग, हेही तसंच.

उत्तर इंग्रजीतच लिहायचं आहे, त्यात सूट नाही. पण शंका मराठीत विचारायला पूर्ण मोकळीक आहे. इंग्रजी येत नाही म्हणून शंका पोटात ठेवू नका.

गैरहजेरी लपवणं

बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. नाव इथल्या हजेरीपटावर आणि लेकरू लातूरला क्लासच्या रूमवर, हा प्रकार मला मान्य नाही. त्यातून प्रॅक्टिकल पूर्ण बुडतं आणि ते क्लासमध्ये भरून निघत नाही.

पण इथलं वास्तव मलाही माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची रास असते, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, आणि घरचे ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांचं सगळं मोठ्या बहिणीवर पडतं. अशा वेळी पंधरा दिवस गायब राहून खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणू नका. आधी दोन ओळींचा मेसेज टाका. त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल मी शनिवारी घेते, एकच जण असला तरी घेते. चाचणी बुडाली तर आठ दिवसांत वेगळा पेपर मिळेल. सांगितलंच नाही, तर शून्य.

जर्नल जानेवारीत भरणं

१०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत. तरी जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, आठवतं ते सर्टिफाइड करून घ्यायची तारीख लागल्यावर. मग एकाचं जर्नल सात जणांत फिरतं.

मातीच्या प्रयोगाला मी ज्याने त्याने आपापल्या शेतातली माती आणायला सांगते. एका वर्षी एकाने गोदावरीकाठची वाळूमिश्रित माती आणली होती, दुसऱ्याने कापसाच्या रानातली काळीभोर, ओली केली की बोटाला चिकटणारी. दोघांच्या जर्नलमध्ये पाणी धरून ठेवण्याच्या क्षमतेचा आकडा एकच, दशांशासह. काळी माती पाणी धरते आणि वाळू सोडून देते हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. तरी एकमेकांचा आकडा उतरवताना ते कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तेव्हापासून नियम असा: रीडिंग कच्च्या वहीत पेन्सिलने, टेबलापाशीच घ्यायचं. माझी सही त्याच दिवशी. पक्कं जर्नल सात दिवसांत. उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर आलं तसंच लिहा, मार्क कापत नाही. उतरवलेलं सापडलं तर देणारा आणि घेणारा दोघंही पुन्हा लिहितील.

"मॅडम, स्लाईडमध्ये काहीच दिसत नाही"

कांद्याच्या मुळीत पेशीविभाजन बघायच्या प्रॅक्टिकलला हे वाक्य मी दर बॅचला ऐकते. कारणं ठरलेली आहेत, ती या क्रमाने तपासा.

पहिलं, टोक चुकलं. मुळी वॉच ग्लासमध्ये टाकली की दोन्ही टोकं सारखी वाटतात आणि बरेच जण कापलेली बाजू घेतात. वाढीचं टोक निमुळतं आणि जास्त पांढरट असतं, रंग दिल्यावर तेच जास्त गडद होतं. तिथलेच दोन-तीन मिलिमीटर घ्यायचे. लांबट, चौकोनी, मोकळ्या पेशी दिसायला लागल्या की समजा तुम्ही टोकापासून वर सरकलात. तिथे विभाजन सापडणार नाही.

दुसरं, मुळी दाबली पण पसरली नाही. पेशी एकावर एक राहिल्या की नुसता लाल गोळा दिसतो. कव्हर स्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा, घासू नका. पेशी तरीही सुट्या होत नसतील तर हायड्रोक्लोरिक ॲसिडची पायरी घाईत उरकलेली असते.

तिसरं, काळ्या कडेचा गोल दिसतो आणि पोरं त्याला पेशी समजून आकृती काढतात. तो हवेचा बुडबुडा. कव्हर स्लिप सुईवर तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडा.

चौथं मायक्रोस्कोपचं. आधी लो पॉवरवर शोधा, मधोमध आणा, मग हाय पॉवर. हाय पॉवरवर मोठा स्क्रू फिरवायचा नाही. स्लाईड फुटते, आणि लेन्सला ओरखडा गेला तर पुढच्या सगळ्या बॅचेसना धूसर दिसतं.

पर्णरंध्रांच्या स्लाईडवर काही सापडलं नाही तर पान उलटं करून बघा. बहुतेक वेळा साल वरच्या बाजूची काढलेली असते, आणि रंध्रं खालच्या बाजूला जास्त असतात.

आकृत्यांबद्दल थोडक्यात: एचबी पेन्सिल, शेडिंग नाही, नावांच्या रेषा आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो सगळ्या उजवीकडे. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल.

नीटची तयारी म्हणजेच बोर्डाची तयारी, असं धरून चालणं

नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, ९० प्रश्न, सगळे बहुपर्यायी. बोर्डाचा ७० मार्कांचा पेपर वेगळा आहे. त्यात पर्यायी प्रश्न फक्त १० मार्कांचे, एका वाक्याचे ८, आणि उरलेले ५२ मार्क लिहून मिळवायचे आहेत: दोन मार्कांचे आठ, तीन मार्कांचे आठ, चार मार्कांचे तीन. वर्षभर फक्त गोल काळे केलेल्या हाताला हे तीन तासांत जमत नाही. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते लेखी सराव परीक्षा परत परत घेतल्यामुळे, हे आपल्याकडचे बरेच पालक आज विसरलेत.

लिहिताना काय चुकतं, ते बीटी कापसाच्या प्रश्नात नीट दिसतं. ज्यांच्या घरी दरवर्षी बीटी लावतात तेच लिहितात, "या कापसाला कीड लागत नाही." तीन मार्कांना हे पुरत नाही. जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतून घेतलं, त्यापासून बनणारं प्रथिन आधी निष्क्रिय असतं, अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींना छिद्रं पाडतं, पेशी फुगून फुटतात, अळी मरते. एकेका पायरीला मार्क आहे. एका मुलाने मला विचारलं होतं, "मग आमच्या बीटीत गुलाबी बोंडअळी कशी पडती?" फार चांगली शंका होती. गुलाबी बोंडअळीत त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिकार तयार झालाय, आणि त्या दिवशी आमचा उत्क्रांतीचा धडा त्याच्या शेतातूनच सुरू झाला.

पर्यायी प्रश्नात पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात, म्हणून खोडाखोड करून दुसरं लिहिण्यात अर्थ नाही. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा. प्रत्येक सेक्शन नव्या पानावर सुरू करा.

पुस्तकही बदलतं. नीट एनसीईआरटीवर, बोर्ड बालभारतीच्या पंधरा धड्यांवर. एकाच पुस्तकाच्या भरवशावर दोन्ही परीक्षा देऊ नका. एनसीईआरटीच्या आधीच्या आवृत्तीत 'परभणी क्रांती' या भेंडीच्या वाणाचं नाव होतं, पिवळ्या मोझॅक रोगाला दाद न देणारं, जंगली जातीकडून प्रतिकारशक्ती घेतलेलं. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरची मुलं पाठ करत होती आणि आमच्याच वर्गात ते किती जणांना ठाऊक नव्हतं! मला अजून वाईट वाटतं.

तासाला मोबाइल बॅगेत, बंद करून. मायक्रोस्कोपमधून फोटो घ्यायचा असेल तर आकृती काढून झाल्यावर, विचारून.

पहिलं मुळीचं प्रॅक्टिकल बुधवारी आहे. मुळ्या मंगळवारी सकाळी कापून फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत तशा टिकवून धरणाऱ्या द्रावणात) टाकायच्या आहेत, म्हणजे कांदा गुरुवारी रात्रीच पाण्यावर बसवावा लागेल. जुन्या वाळलेल्या मुळ्या ब्लेडने खरडून काढा आणि फक्त बूड पाण्याला टेकू द्या. पूर्ण बुडवला तर सडतो. पाणी रोज बदला. कांदा घरचाच चालेल, फक्त कोंब फुटलेला नको.