लॅपटॉप सुरू होत नाही? आधी बघा, मशीन बंद आहे की नुसती स्क्रीन

‘लॅपटॉप चालूच होईना’ एवढंच सांगितलं, तर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या रिपेअरवाल्याला काही कळत नाही. तुमचं मशीन खरंच बंद आहे, की ते चालू असून स्क्रीन काळी आहे? की कंपनीचा लोगो येऊन पुढे अडकतंय? तिन्हींची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. हे घरीच ठरवता येतं, स्क्रू ड्रायव्हर न लावता.

एक अट मात्र आधी. लॅपटॉप भिजला असेल किंवा पुराच्या पाण्यात गेला असेल, तर पुढचं काहीही करू नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको, पण ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबायचा मोह होतोच. ओल्या बोर्डात, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटमध्ये, वीज गेली की वाचू शकणारा बोर्डही जळतो. चार्जर न लावता तसाच दुकानात न्या. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला वाटला, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हाही चार्जिंग बंद.

आता खोलीतला दिवा घालवा, पॉवरचं बटण दाबा आणि निरखून बघा. पॉवरचा दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? अर्ध्या मिनिटाने कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा दाबल्यावर लागत-विझत असेल, तर मशीन जिवंत आहे आणि दोष बहुधा डिस्प्लेच्या बाजूला आहे. काही मॉडेलमध्ये हा दिवाच नसतो, तिथे ही खूण चालणार नाही.

दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही? मग आधी प्लगमध्ये दुसरं काही लावून तिथे वीज आहे का ते बघा. चार्जर टाइप-सी असेल, तर त्यावर किती वॉट लिहिलंय ते वाचा. बऱ्याच लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॉट लागतात, २० वॉटच्या मोबाइल चार्जरवर ते उठत नाहीत. त्यानंतर चार्जर काढा, पेन ड्राइव्ह, माउस सगळं काढा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. बोर्डात अडकलेला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून पुन्हा बटण दाबा. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर अर्धा तास चार्जिंगला ठेवून मगच प्रयत्न करा. एवढं करूनही काहीच हललं नाही, तर चार्जर, चार्जिंगचा जॅक किंवा बोर्ड. त्याच व्होल्टचा दुसरा चार्जर कुणाकडून मिळाला, तर पहिली शंका तिथेच मिटते.

मशीन चालू आणि स्क्रीन काळी, हा प्रकार सगळ्यात जास्त घोळात टाकतो. घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावा आणि विंडोज व पी ही बटणं एकदम दाबून चित्र टीव्हीवर जातं का बघा. गेलं तर बोर्ड, रॅम, विंडोज सगळं ठीक, बिघाड बहुधा स्क्रीन किंवा तिच्या केबलपुरता. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. आत अंधूक चित्र दिसलं, तर पॅनेल (चित्र दाखवणारी काच) काम करतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. चित्र झाकण हलवताना येत-जात असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घ्या. ती पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. टीव्हीवरही काही नाही? मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर) अडकला असेल, तर तो पुन्हा सुरू होतो. तेही नाही झालं, तर रॅम किंवा बोर्डाकडे संशय जातो.

स्क्रीनवर उभ्या रेघा असतील, तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. तिथे रेघा नसतील, तर दोष पॅनेल किंवा केबलचा. तिथेही दिसल्या, तर ग्राफिक्स किंवा ड्रायव्हर. डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डी दाबून धरून पॉवरचं बटण दाबलं की स्क्रीन एकेक रंगाने भरते. तेव्हा रंग स्वच्छ आले, तर पॅनेलला दोष देऊ नका.

सुरू करताना दिवा ठरावीक वेळा लुकलुकला किंवा बीप वाजले, तर मोजा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. ती कंपनीची खूण असते. तुमच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर तिचा अर्थ सापडतो.

लोगो येऊन पुढे जात नसेल, तर पेन ड्राइव्ह काढलाय ना ते बघा. लोगो दिसताच बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, नाही जमलं तर स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरतं चालणारं विंडोज. बिटलॉकरची (डिस्कवरच्या विंडोजच्या कुलपाची) ४८ अंकी की मागितली, तर ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ असा संदेश आला, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, दिसते का पाहा. दिसत नसेल, तर ती सैल झाली किंवा गेली. कुणी लगेच ‘फॉरमॅट मारूया’, म्हणजे डिस्क पुसूया, म्हणालं, तर आधी डेटाचं विचारा.

दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडणाऱ्या लॅपटॉपचं कारण बरेचदा उष्णता असतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीजवळ बसणाऱ्यांच्या पंख्यात लोखंडाची बारीक धूळ जमू शकते. ती वीजवाहक असल्याने घरी फुंकर मारण्यापेक्षा उघडून साफ करून घ्यावी.

दुकानात जाताना ‘टीव्हीवर चित्र येतं, लॅपटॉपवर नाही’ एवढं एक वाक्य सांगा. पॅनेल बदलायचं ठरलं, तर त्याच्या मागचा मॉडेल नंबर आणि केबलच्या जोडाला पिन ३० आहेत की ४०, हे जुळवून घ्या, जुना भाग परत मागा आणि नवं पॅनेल दुकानातच पूर्ण पांढऱ्या व पूर्ण काळ्या स्क्रीनवर ठिपके बघून मगच पैसे द्या.