कामात सुधारणा हवी असेल तर आधी वर्तन मोजा

‘तो निष्काळजी आहे’ हे वर्तन नव्हे, शेरा आहे. ‘आठवड्यात ५ पैकी ३ अहवाल मुदतीनंतर आले’ हे मोजता येतं. सुरुवात अशाच एका, फार तर दोन गोष्टींपासून करा. पहिले दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा, नाहीतर पुढे फरक पडला की नाही ते कळणारच नाही.

मग दोन बाजू तपासा. वर्तनाच्या आधी काय असतं: सूचना स्पष्ट आहे का, लागणारी माहिती वेळेवर मिळते का? आणि नंतर लगेच काय होतं? खरी गोम बहुधा इथेच असते. वेळेत काम संपवणाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्याचं उरलेलं काम येऊन पडत असेल, तर वेळेत काम केल्याची त्याला शिक्षाच मिळते आहे. काम करता येत असूनही होत नसेल, तर प्रशिक्षणावर खर्च करू नका. अडचण कौशल्यात नाही, बहुधा काम केल्यानंतर जे घडतं त्यात आहे.

दाद शक्यतो त्याच दिवशी द्या, आणि नेमकी: ‘आज तिन्ही अहवाल दुपारी ४च्या आत आले, आकडेही जुळले.’ नुसतं ‘छान’ म्हटल्याने कशाबद्दल ते कळत नाही. वार्षिक बोनस रोजच्या सवयीपासून फार लांब पडतो. साप्ताहिक आलेख ज्याचा त्याला दाखवा. भिंतीवर नावांनिशी लावलात, तर लोक आकडे लपवू लागण्याची भीती असते. सुधारणा टिकली की दाद हळूहळू विरळ करा, एकदम बंद नको.