गाडी आदळली, बुडाली, कलंडली? त्यानंतरच्या या चुका टाळा

कच्च्या वाटेवर गाडी आदळते, ओढ्यात बंद पडते, चढावर घसरून एका कुशीवर जाते. ऑफ-रोडिंग करायचं म्हटलं की हे कधी ना कधी होणारच, त्यात कमीपणा काही नाही. पण अडकलेल्या गाड्या बाहेर काढायला मी बरीच वर्षं जातोय आणि दर वेळी तेच बघून जीव तुटतो. दगडाने किंवा पाण्याने केलेलं नुकसान थोडं असतं, आणि पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईने केलेलं नुकसान त्याच्या कितीतरी पट. दगडाने चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, नुसता पोचा पाडलेला असतो, इंजिन जाळलेलं असतं गाडी तशीच पुढे दामटणाऱ्याने.

म्हणून गाडी थांबली की माझी पहिली सवय एकच: किल्ली फिरवून इग्निशन बंद, हँडब्रेक वर, माणसं सुखरूप आहेत ना ते बघणं, आणि पाच मिनिटं गाडीला हात न लावणं. या पाच मिनिटांत फोटो काढा. गाडी हलवण्याआधीचे, चारही बाजूंचे आणि खालचे. नंतर विम्याला ते लागतात, आणि मेकॅनिकला त्याहून जास्त लागतात.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारणं

या चुकीवर मी लांबलचक लिहिणार आहे, कारण हिच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही आणि हिच्याइतकी सहज टाळता येणारीही नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. २.२ लीटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ५५० मिली येतात. कॉम्प्रेशन १६:१ धरलं, म्हणजे आतली हवा सोळाव्या हिश्शात दाबली जाते असं धरलं, तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते जेमतेम ३७ मिली जागा. म्हणजे अडीच मोठे चमचे. एअर फिल्टरमधून त्याहून जास्त पाणी आत गेलं, की वर येणाऱ्या पिस्टनला जायला जागाच नसते. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन कमी म्हणून जागा थोडी जास्त, पण भरवसा ठेवावा इतकी नाही.

एका तरुण मुलाची नवी डिझेल गाडी, त्याची दुसरीच फेरी. ओढ्याला पाणी गुडघ्याच्या जरा वर. चालत जाऊन खोली बघ म्हटलं, तर त्याला तेवढा धीर नव्हता. जोरात घातली. पुढे उठलेली लाट बोनेटवर चढली, मध्ये त्याने दचकून ब्रेक मारला आणि गाडी 'खट्' आवाज करून बंद झाली. मी काठावरून ओरडलो, "सेल्फ मारू नकोस!" तो काच खाली करून म्हणाला, "दादा, एकदाच बघतो." पहिल्यांदा सेल्फ 'टक्' करून अडकला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा इंजिन फिरलं, काळा धूर निघाला, आणि गाडी थरथरत काठाला आली. त्याला वाटलं, जिंकलो. मी गाडी उचलून न्यायला सांगत होतो, तो चालवत घरी गेला.

वीस-एक दिवस ती गाडी चालली. आवाज थोडा बदललाय, एवढंच तो सांगायचा. मग मोठ्या रस्त्यावर वेगात असताना रॉड तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. इंजिन खोललं तेव्हा मी हजर होतो. मेकॅनिकने न तुटलेल्यांपैकी एक रॉड काढून काचेच्या तुकड्यावर आडवा ठेवला, शेजारी नवा रॉड. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण जुन्याच्या खालून वहीचा कागद सहज सरकत होता. तेवढाच वाक. पाण्याने बंद पडलेली गाडी सुरू झाली म्हणजे वाचली, असं कोणी म्हणालं की मला तो सरकणारा कागद आठवतो.

मग करायचं काय? किल्ली बंद. गिअर न्यूट्रल. हे विसरू नका, कारण गिअरमध्ये ठेवून गाडी ओढली तर चाकं इंजिन फिरवतात आणि सेल्फ न मारताही रॉड वाकतो. धक्का स्टार्ट तर अजिबात नको. कोरड्यात आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर आणि डबा दोन्ही कोरडे असतील तर आशा आहे. डब्यात पाणी दिसलं किंवा फिल्टर पिळण्याजोगा ओला असला, तर पेट्रोलचे स्पार्क प्लग, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. ते काढल्यावर आधी क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे. कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबा. मोकळं फिरलं तर इंधन बंद करून सेल्फने थोडं थोडं फिरवा. भोकांतून पाण्याची पिचकारी उडते, तोंड लांब ठेवा.

ऑइलची पट्टी ओढून बघा. दुधाळ दिसलं तर इंजिन सुरू करायचं नाही. माझी सवय अशी की गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवायची आणि सकाळी चेंबरचा बोल्ट पूर्ण न काढता फक्त सैल करायचा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे आले की उत्तर मिळालं. मग ऑइल आणि फिल्टर बदला, थोडं चालवा, पुन्हा बदला. दोनदा ऑइल बदलणं जिवावर येतं खरं, पण नव्या इंजिनापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

इंजिन वाचलं म्हणून डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवरचा चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, विसरू नका. चालून तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या बारीक नळीतून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून काही कळत नाही. खोल पाण्यातून आल्यावर मी गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल तपासतोच.

तपासण्याआधी गाडी धुणं

हीसुद्धा माझी दुखरी नस. गाडी चिखलाने माखली की लोक थेट प्रेशर पंपाखाली उभी करतात. मीही एकदा केलं होतं. खडकाच्या पायरीवरून मागचा भाग आपटला होता, आवाज मोठा आला, पण गाडी नीट चालत होती. घरी येण्याआधी खालून स्वच्छ धुऊन घेतली, वाकून पाहिलं, सगळं चकचकीत. तिसऱ्या दिवशी उतारावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. मागच्या एक्सलवरची ब्रेकची नळी दगडाने चेपली होती आणि तिथून फ्लुइड झिरपत होतं. चिखलावर त्याचा ओघळ नक्की उमटला असणार. तो मी स्वतः धुऊन टाकला होता. त्या दिवशी गाडीत मुलंही होती.

वाळलेला चिखल हा गाडीखालचा कागद आहे, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. कोरडा चिखल फिका आणि भुरभुरीत दिसतो. जिथे ऑइल झिरपतं तिथे गडद, चमकदार डाग पडतो. बोटाने घासून बघा. इंजिन ऑइल काळं. गिअर ऑइल घट्ट, त्याला गंधकासारखा उग्र वास. ऑटोमॅटिकचं ऑइल बहुतेकदा लालसर. ब्रेक फ्लुइड पातळ, फिकट पिवळं. ते रंग खातं, म्हणून हात लगेच पुसा. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं आणि वासाला गोडसर. ते विषारी असतं, जिभेला लावून बघायचा आगाऊपणा कोणी करू नये.

माझी पद्धत साधी आहे. सपाट जागी गाडी लावायची, खाली मोठा पुठ्ठा पसरायचा, पुठ्ठ्यावर 'पुढे' असं लिहून बाण काढायचा आणि रात्रभर सोडायचं. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग कुठे पडलाय ते बघून वर शोधायचं. एसीचं पाणी सोडलं तर पुठ्ठ्यावर पडलेला प्रत्येक थेंब दखल घेण्याजोगा.

त्यानंतर मात्र धुवा, आणि नीट धुवा. चॅसिसच्या पोकळीत चिखल राहिला की तो ओल धरतो आणि लोखंड आतून खातो. सील, वायरिंगचे कनेक्टर आणि अल्टरनेटर यांच्यावर जोराचा फवारा मारू नका. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने. चिखलाने बुजलेला रेडिएटर वाटेवर काही बोलत नाही, घरी परतताना चढावर गाडी तापवतो. चाकांची आतली बाजूही खरवडा. रिमच्या आत एका बाजूला चिखल वाळून बसला की वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि लोक सस्पेन्शन खोलायला निघतात.

लाल दिवा लागल्यावर 'थोडं पुढे जाऊन बघू'

ऑइल प्रेशरचा लाल दिवा म्हणजे तिथल्या तिथे इंजिन बंद. पुढचं वळण नाही, सावली नाही, सपाट जागा नाही. आणि दिवा लागला नाही तरी चेंबर आपटल्यावर खाली वाकून बघाच. फुटलेलं दिसतं, पण खोल पोचा जास्त फसवतो. चेंबर आत दबून ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला, की ऑइल पुरेसं असूनही वर चढत नाही. पट्टीवर पातळी बरोबर आणि दिवा मात्र लुकलुकतोय, असं झालं तर गाडी उचलूनच न्या.

भेगेवर इपॉक्सी पुट्टी लावून घरी पोचता येतं, जागा तेल जाईपर्यंत पुसून खरवडली असेल तर. डिझेलची टाकी झिरपत असेल तर साबणाची वडी घासून भोक बुजतं, हेही खरं. पण हे उपाय घरापर्यंतचे. सहा महिन्यांनी तीच पुट्टी दाखवून "अजून टिकलीये" म्हणणारे लोक मी पाहतो तेव्हा मला त्यांच्या मागे चालणाऱ्या दुचाकीवाल्याची काळजी वाटते. रस्त्यावर सांडलेलं ऑइल त्याला पाडतं.

जिथे सापडेल तिथे टोचन बांधणं

ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा, टो बॉल, हा ओढून काढायच्या झटक्यासाठी नसतोच. तो तुटला तर दोरासकट गोळ्यासारखा सुटतो, आणि याने माणसं मेली आहेत. बंपरखालचे बारीक कड्यांचे हुकही बहुधा गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी दिलेले असतात. गाडीच्या पुस्तकात टोचनची जागा दाखवलेली असते, ती घरी असतानाच शोधून ठेवा. दोरावर जाड सतरंजी किंवा ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीपलीकडे पाठवा. व्हिडिओ काढणाऱ्याला आधी पाठवा, तोच सगळ्यात जवळ येतो.

फोर बाय फोर किंवा ऑटोमॅटिक गाडी दोन चाकं उचलून लांब ओढत नेऊ नका. पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर चढवा. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग कोरडे घासतायत.

कलंडलेली गाडी सरळ होताच सुरू करणं

गाडी कुशीवर असताना ऑइल सिलिंडरमध्ये आणि हवेच्या वाटेत उतरतं. सरळ करून लगेच सेल्फ मारलात तर पाण्यासारखाच रॉड वाकतो. डिझेलमध्ये आणखी एक धोका. ते स्वतःचंच ऑइल जाळत सुसाट सुटू शकतं, आणि मग किल्ली काढूनही थांबत नाही. तेव्हा आधी इंधनाचा वास घ्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ॲसिड सांडलंय का बघा, तासभर थांबा, प्लग काढून हाताने फिरवा. झटका बसलेले सीट बेल्ट बदलायचे, ते दिसायला ठीक असले तरी. एअरबॅगचा दिवा पेटलेला ठेवून गाडी विकायची तर मुळीच नाही.

बाकीचं थोडक्यात.

स्टिअरिंग वाकडं आलं म्हणून थेट अलाइनमेंटला नेऊ नका. आधी टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा), लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा हात) आणि त्यांचे रबरी बुश बघा. वाकलेल्या रॉडवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. हातोड्याने सरळ केलेला टाय रॉड घरी पोचल्यावर भंगारात गेला पाहिजे.

इंजिनचा दिवा स्कॅनरने पुसण्याआधी त्यावर दिसणारा बिघाडाचा कोड लिहून घ्या. नुसता पुसला तर बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते.

सीव्ही जॉइंटचं (चाकाला ताकद पोचवणाऱ्या, वळणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट फाटलेलं लगेच बदला. वळताना कट-कट ऐकू येईपर्यंत थांबलात तर आख्खा जॉइंट जातो.

टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर असेल तर पंक्चरवाला काहीही म्हणो, तो टायर गेला.

वाळलेल्या गवतातून आलात तर सायलेन्सरच्या वर आणि आसपास अडकलेलं गवत काढा. गाडी त्यानेही पेटते.

विम्याचे कागद फेरीच्या आधी वाचा. ऑफ-रोडचं नुकसान अनेक पॉलिसींत वगळलेलं असतं, आणि अपघातानंतर तशीच चालवून वाढवलेलं नुकसान तर बहुतेकांत. सेल्फ न मारण्याचं आणखी एक कारण.

चाक काढलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. आणि आठवड्याने एकदा तोच पुठ्ठा पुन्हा गाडीखाली अंथरा. हळू झिरपणारी सीलं पहिल्या रात्री बोलत नाहीत.