चेक आडनावाचे मूळ कसे शोधावे

चेक आडनावाचे मूळ शोधू पाहणारे बहुतेक जण शब्दकोश उघडतात आणि अर्थ सापडला की थांबतात. नोव्हाक म्हणजे गावात नव्याने आलेला आणि कोव्हार्झ म्हणजे लोहार, हे खरे असले तरी नवा माणूस प्रत्येक गावात केव्हा ना केव्हा येतच असे, त्यामुळे सगळ्या नोव्हाकांना एकमेकांचे भाऊबंद मानता येत नाही. चेक प्रजासत्ताकाच्या पूर्वेकडील मोराव्हिया प्रांतात पोस्पीशिल (‘घाई केली’) किंवा नाव्रातिल (‘परत आला’) अशी चक्क भूतकाळी क्रियापदे आडनावे म्हणून आढळतात. त्या पहिल्या माणसाने कसली घाई केली, हे मात्र कोणताही शब्दकोश सांगणार नाही.

आजीचे नाव नोव्हाकोव्हा असेल, तर ‘ओव्हा’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय काढून नोव्हाक शोधावे. त्यानंतर मूळ गाव निश्चित करावे, कारण गावाशिवाय शोध पुढे सरकत नाही. गाव कळले की त्या भागाच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर चर्चच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या, म्हणजे ‘मात्रिकी’, विनामूल्य पाहता येतात; मोराव्हियाच्या बऱ्याच मोठ्या भागासाठी ब्र्नो येथील अभिलेखागार पाहावे. जन्मनोंदी शंभर वर्षे उलटल्यावर खुल्या होतात, म्हणून अलीकडच्या पिढ्यांसाठी घरातली कागदपत्रेच कामी येतात.

वाचताना खरी अडचण अक्षरांची येते. मजकूर लॅटिन, जर्मन किंवा चेक असू शकतो, जर्मन मजकूर कुरेंट नावाच्या वळणदार लिपीत असतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ लिहीत असल्यामुळे आजचा नोव्हाक तिथे वेगळ्याच रूपात भेटतो. म्हणून आडनाव डोळ्यांनी जुळवू नये, मोठ्याने उच्चारून पाहावे.

माझा आग्रह मात्र आडनावापेक्षा घरक्रमांकाचा माग काढण्याचा आहे. तेव्हा या प्रदेशावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्यातील मारिया तेरेझाच्या काळात 1770 नंतर घरांना क्रमांक मिळाले आणि 1784 पासून नोंदवह्यांत त्यांच्यासाठी रकानाच आला. तिचा मुलगा दुसरा योझेफ याच्या कारकिर्दीत आडनाव वंशपरंपरेने कायम झाले; त्याआधी ते रक्ताइतकेच घराला चिकटलेले असे. एखाद्याने विधवेशी लग्न करून तिच्या शेताचा कारभार हाती घेतला, की गाव त्याला त्या घराच्याच नावाने ओळखू लागे. याला ‘खालुपेवरून’, म्हणजे घरावरून पडलेले नाव म्हणतात. नोंदीत दोन नावांमध्ये ‘यिनाक’, ‘आलियास’ किंवा ‘वुल्गो’ दिसले, तर तो आपल्याकडचा ‘उर्फ’च समजावा आणि दोन्ही नावे टिपून ठेवावीत. असा बदल लक्षात न घेतल्यास वंशावळ भलत्याच घराण्याला जाऊन मिळते.

सतराव्या शतकात शिरताना बोहेमियासाठी, म्हणजे देशाच्या पश्चिम भागासाठी, 1651 ची धर्मानुसार केलेली प्रजेची गणना आणि 1654 ची करनोंद ‘बेर्नी रुला’ पाहावी. तीस वर्षांच्या युद्धाने (1618–1648) अनेक शेते ओस पडली होती, त्यामुळे एकाच शेतावर जुने आणि नवे, अशी दोन नावे इथे आढळू शकतात. नाव नेमके कुठे बदलले, हे जमीनदारीच्या शेतवह्यांतून उलगडते: शेत कोणी किती किमतीला घेतले, दरवर्षी किती हप्ता भरला आणि आधीच्या मालकाच्या कोणत्या मुलाला किती वाटा मिळाला, हे तिथे ओळीने लिहिलेले असते.