शेळी, खोंड, कुत्रा : भूल देताना इंटर्न करतात त्या चुका टाळा

पशुवैद्यक पदवीच्या साडेपाच वर्षांपैकी शेवटचे एक वर्ष इंटर्नशिपचे असते. त्या वर्षात सोलापूर परिसरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तुकडीत, पहिल्याच आठवड्यात हातात चाकू हवा असलेले दोन-तीन विद्यार्थी असतात. भूल देण्याचे काम त्यांना दुय्यम वाटते. औषध टोचले, जनावर आडवे झाले की आपली जबाबदारी संपली, अशी त्यांची समजूत असते, आणि पुढच्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे एका जनावराचा डोस दुसऱ्याला देणे. झायलाझीन हे गुंगी आणणारे, आपल्याकडे रोजच्या वापरातले औषध असल्यामुळे त्याची भीती राहिलेली नाही. मात्र रवंथ करणारी जनावरे त्याला फार संवेदनशील असतात. गायीला घोड्याच्या सुमारे एक दशांश डोस पुरतो, आणि शेळी-मेंढीच्या बाबतीत तर गायीपेक्षाही जपून वागावे लागते. काही वर्षांपूर्वी मोहोळकडून एक आजीबाई पुढचा पाय मोडलेली उस्मानाबादी शेळी घेऊन आल्या होत्या. शेळीचे वजन वीस किलो होते. त्याच सकाळी इंटर्नने तेवढ्याच वजनाच्या कुत्र्याला किलोमागे १ मिलिग्रॅम या हिशेबाने एक मिली झायलाझीन दिले होते. मी बाहेर एक म्हैस तपासत असताना त्याने, प्लास्टर लवकर व्हावे म्हणून, शेळीलाही तेच एक मिली टोचले. तिला किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १ मिलिग्रॅम पुरले असते. तिच्या अंगात वीस मिलिग्रॅम गेले होते.

मी आत आलो तेव्हा शेळी मान ताणून आडवी पडली होती, डावी कूस फुगलेली होती, हिरड्या निळसर झाल्या होत्या आणि मिनिटाला जेमतेम सहा श्वास चालू होते. दोन्ही बाजूंनी पोत्यांचा आधार देऊन तिला छातीवर बसवले, लाळ बाहेर गळावी म्हणून तोंड खाली ठेवले, मास्कने ऑक्सिजन सुरू केला, नळी घालून कोठीपोटातला (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातला) वायू काढला आणि शिरेतून सावकाश योहिम्बिन हा झायलाझीनचा उतारा दिला. आजीबाई तिच्या शिंगावर हात ठेवून तीन तास जमिनीवर बसून होत्या. “उठंल का वो माजी शेरडी?” असे त्यांनी त्या मुलाला दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्याला उत्तर देता आले नाही. शेळी संध्याकाळी उठली.

त्या दिवसापासून मी शेळी-मेंढीसाठी मूळ बाटलीतले औषध थेट भरू देत नाही. एका मिलीत वीस मिलिग्रॅम असलेल्या द्रावणातून ०.०५ मिली मोजणे साध्या सिरिंजवर शक्यच नसते. म्हणून एक मिली औषधात नऊ मिली सलाईन मिसळायचे, सिरिंजवर चिकटपट्टी लावून औषधाचे नाव आणि तीव्रता लिहायची, आणि टोचण्यापूर्वी वजन, डोस व मिली मोठ्याने म्हणायचे. दुसऱ्याने तोच हिशेब पुन्हा केल्याशिवाय सुई लागत नाही. वजन अंदाजाने सांगणाऱ्याला मी परत काट्यावर पाठवतो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण जनावराला झायलाझीन देऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

लिग्नोकेन ‘फक्त जागेवरची भूल’ म्हणून निर्धास्तपणे टोचले जाते. तीन किलोच्या करडाची शिंगे डागताना किलोमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा धरली, तर दोन टक्के द्रावण एकूण पाऊण मिलीच बसते. शेळीच्या प्रत्येक शिंगाला दोन मज्जातंतू असतात, म्हणजे ही पाऊण मिली चार जागी वाटायची असते. मोठ्या बैलाच्या शिंगाची सवय लागलेला हात बैलाइतके औषध एकाच जागी रिकामे करतो आणि करडाला झटके येतात. मी द्रावण निम्मे पातळ करून घेतो.

भूल देण्यापूर्वी जनावर उपाशी ठेवले का, असे मालकाला विचारू नका, कारण उत्तर नेहमी होकारार्थीच येते. रात्री दावणीत काय होते, शेजारी कोणते जनावर बांधले होते, हे विचारा. खिलार खोंड शेजारच्या बैलाचा कडबा ओढून खातो आणि मालकाच्या लेखी तो उपाशीच असतो. उपाशी ठेवूनही कोठीपोट रिकामे होत नाही, त्यामुळे आडव्या केलेल्या जनावराच्या श्वासनलिकेत नळी घालून तिच्याभोवतीचा छोटा फुगा (कफ) फुगवणे टाळू नये.

थायोपेंटोन हे शिरेतून द्यायचे भुलीचे औषध शिरेबाहेर गेले तर कातडी सडते. कारवानी कुत्र्याच्या अंगावर चरबी कमी असल्याने तो त्यातून फार उशिरा शुद्धीवर येतो, म्हणून त्याला दुसरे औषध निवडा. केटामीन या भुलीच्या औषधाखाली डोळे उघडे राहतात, त्यात मलम घाला. भूल यंत्राचा जादा वायू बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बंद करून श्वासाचा फुगा दाबलात, तर हात काढताच व्हॉल्व्ह उघडा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असले तरी केस काढून स्पिरिटने पुसलेले पिल्लू कूलरखाली गार पडते.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच छळते. शेवटचा टाका पडला की इंटर्न हातमोजे काढतो, मोबाइल उघडतो आणि जनावर एकटे राहते. ब्रिटनमध्ये लाखाहून अधिक कुत्र्या-मांजरांच्या नोंदींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के आणि मांजरांत ०.२४ टक्के आढळले. त्यांतले सर्वाधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर झाले होते, आणि तेही बहुतांशी पहिल्या तीन तासांत. धोक्याची वेळ सुरू होते, नेमका तेव्हाच आपला माणूस चहाला जातो.

माझ्याकडे दर पाच मिनिटांनी श्वास, नाडी आणि हिरड्यांचा रंग कागदावर लिहावा लागतो. पल्स ऑक्सिमीटर जिभेवर असला तरी मांडीतल्या धमनीवर बोट हवेच, कारण जीभ कोरडी पडली की यंत्र चुकीचा आकडा दाखवते. कुत्रा गिळू लागल्याशिवाय नळी काढायची नाही. बैलाच्या नळीचा कफ थोडा फुगलेला ठेवूनच ती बाहेर घ्यायची, म्हणजे घशात साचलेले खालच्या बाजूला उतरत नाही. जनावर स्वतःहून छातीवर बसून मान धरेपर्यंत कागदावर सही होत नाही, आणि सही होईपर्यंत इंटर्नने जागा सोडायची नसते.